टोकियोच्या मॅचमधली खरखर

टीव्हीवर ऑलिंपिक सुरू झालं की माझ्या घरातली माणसं माझ्यापासून जरा लांबच बसतात. एरवी मी मवाळ बाई आहे. उभा जन्म यवतमाळच्या शाळेत पोरं शिकवली, पण कोणावर कधी हात उचलला नाही. मात्र हॉकीत पेनल्टी कॉर्नर मिळालेला असावा, पोरं गोलाच्या तोंडाशी वाकून उभी असावीत आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर कोणी बाई दात दाखवत साबण विकायला यावी, मग माझं डोकं फिरतं. साबण विकून होईस्तोवर गोल होऊन गेलेला असतो. तो कसा झाला हे दाखवायचं सोडून कोट घातलेले चारजण स्टुडिओत बसून तो कसा झाला हे सांगत असतात. त्यांना कोणी विचारलं होतं? मी टीव्हीला शिव्या घालते, अगदी ठेवणीतल्या. सून स्वयंपाकघरात तोंड लपवून हसते. नातू समजूत घालतो, "आजी, मोबाइलवर पुन्हा दिसते ना ते." पुन्हा दिसतं हे मलाही ठाऊक आहे. पण पुन्हा दिसतं ते होऊन गेलेलं असतं, आणि होऊन गेलेलं पाहण्यात मला काडीचा रस नाही. त्या पोराला कसं सांगू की हा राग टीव्हीचा नाहीच, टीव्ही आमच्या जिल्ह्यात यायच्या कितीतरी आधीचा आहे. तो आमच्या क्वार्टरमधल्या रेडिओचा आहे.

आम्ही वणीजवळ राजूरच्या बाजूला कोळशाच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी. धुतलेलं लुगडं वाळेपर्यंत त्याच्यावर काळी भुकटी बसायची. माय ते झटकायची आणि झटकताना खाणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दिवस भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला चूल पेटे, दुसऱ्याला बाबा डबा घेऊन निघत. बाबा खाणीत फिटर होते. खाणीच्या तोंडाशी एक मोठं इंजिन होतं. पोलादी दोरानं ते रुळांवरचे कोळशाचे टब उतारावरून वर ओढायचं. त्याला सगळे हॉलेज म्हणत. आमच्या घरची वीजही खाणीचीच, त्यामुळे हॉलेज सुरू झालं की घरातला दिवा लालसर व्हायचा, आणि टब वर येऊन थांबले की पुन्हा भक्कन उजळायचा. दिवा मंद झाला की माय हातातलं निवडणं खाली ठेवून थांबायची आणि उजळला की पुन्हा खडे वेचायला लागायची. आम्हा पोरांना त्यात काही वेगळं वाटत नसे. जगातले सगळे दिवे असेच वागतात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीत एक देवळी होती. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी त्या देवळीतले सगळे देव टोपलीत घातले आणि निर्गुडा नदीत नेऊन सोडले. मी तेव्हा लहान होते. मला आठवते ती फक्त देवळीत उरलेली शेंदराची नि तेलाची तांबडी कड. मायनं चुन्याचे हात दिले तरी ती कड वर यायचीच. काही वर्षं ती देवळी रिकामीच होती. मग एक साहेब बदलून गेला, त्याचा रेडिओ बाबांनी घेतला आणि तो नेमका त्या देवळीत मावला. लाकडी खोका, पुढे जाळीदार कापड, आणि वरच्या कोपऱ्यात हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की डोळा मिटत यायचा, आवाज हरवला की उघडायचा, आणि हॉलेज सुरू झालं की विझत आल्यासारखा व्हायचा. अंगणात दोन बांबू रोवून बाबांनी त्यांच्यात एरियलची तार ताणली होती. खिडकीच्या गजापाशी तिला दुसरी तार पिळून जोडली होती आणि त्या तारेचं टोक रेडिओच्या पाठीत खोचलेलं असे. संध्याकाळ झाली की माय तेलाचा दिवा नेमका रेडिओपुढे नेऊन ठेवी. बाबा चिडत. "कायले ठेवतं तिथं? देव काढले ना आपण?" माय शांतपणे म्हणायची, "देवाले कोण ठेवून राह्यलं? अंधार पडते, म्हणून ठेवला." तिची बोटं मात्र जुन्या सवयीनं जोडली जायची, आणि मग तीच बोटं ती पदराला पुसायची.

आता दादाबद्दल सांगते. सुदाम माझा मोठा भाऊ. आमच्या खाणीवर मुलूखभरचे लोक कामाला होते, त्यात हॉकीवेडेही पुष्कळ. कोळशाच्या ढिगामागच्या मैदानावर रोज संध्याकाळी खेळ चाले. दादा बोरीच्या वाकड्या फांदीनं खेळायला लागला आणि मॅट्रिकला पोहोचेस्तोवर खाणीच्या टीममध्ये गेला. टीमच्या कप्तानानं त्याला स्वतःची जुनी स्टिक दिली. तिच्या मुठीला दादानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. तो निजताना ती उशाशी घेऊन निजायचा. एकदा नागपूरहून कोणी मॅच पाहायला आले आणि त्यांनी दादाला उन्हाळ्यात कॅम्पला पाठवा असा निरोप धाडला. क्वार्टरच्या सगळ्या लाइनीत बोलबाला झाला. बाबांनी तो निरोप ऐकला आणि डबा घेऊन कामावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा परसाकडे गेला असताना बाबांनी स्टिक उचलली, कुऱ्हाडीनं तिचे तुकडे केले आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातले. रबराचा वास सगळ्या घरात भरला होता. दादा आला तो दारातच उभा राहिला. बाबा म्हणाले, "पाहून घे नीट. परीक्षा तोंडावर आहे. आपल्या घरात तुह्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नाही. चेंडूमागं पळाले लोकाइचे पोरं आहेत, त्याइच्या बापाच्या जमिनी आहेत. तुह्या बापाजवळ पाना आहे अन् हे दोन हात." त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हे मला आज कळतं. चूक स्टिक जाळण्यात होती, आणि तीही बहुधा बाबांना त्या दिवशी दुपारपर्यंत कळली असावी, कारण कामावरून येताना त्यांनी दादासाठी पेढे आणले. दादानं ते खाल्ले नाहीत. त्या चुलीवर तापलेल्या पाण्यानं अंघोळही केली नाही, गार पाणी अंगावर घेऊन शाळेत गेला. मॅट्रिक पास झाला, वणीला एका कचेरीत कारकून लागला, तिथंच खोली घेऊन राहिला. रविवारी सायकलवर घरी यायचा. बाबा विचारत, "बरं आहे?" तो म्हणे, "बरं आहे." बाप-लेकाचं बोलणं एवढंच. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात आपण रोमच्या ऑलिंपिकात हॉकीत पाकिस्तानकडून हरलो. खाणीच्या क्लबातल्या रेडिओभोवती माणसांचा घोळका जमला होता आणि तिथून येणारे लोक मयतीहून आल्यासारखे मान खाली घालून येत होते. बाबांनी तेव्हा काही विचारलं नाही. पण पुढे रेडिओ घरी आला आणि मला हळूहळू दिसायला लागलं की बाबा बातम्यांसाठी बसत नाहीत, हॉकीसाठी बसतात. कुठल्या तरी शहरातली कुठली तरी मॅच असायची, आवाज यायचा आणि जायचा, आणि बाबा पाटावर बसून जाळीच्या कापडाला कान लावत. कधी एवढ्यात खेळाची बातमी येणार म्हणून बसावं, तर निवेदक कापसाचे भाव सांगायला लागायचा. कधी ऐन रंगात आलेली मॅच मध्येच तोडून भजन लागायचं. बाबा रेडिओला शिव्या घालायचे. माझं टीव्हीशी भांडण्याचं वळण कुठून आलं ते आता वाचणाऱ्याला कळलं असेल. मायनं एकदा त्यांना सरळच विचारलं, "लेकाची लाकडी जाळली, आता कोणाचा खेळ आयकून राह्यले तुम्ही?" बाबा उठून अंगणात गेले आणि बांबूची दोरी विनाकारण घट्ट करत बसले.

मग टोकियो आलं. आपण अंतिम सामन्यात पोहोचलो आणि समोर पुन्हा पाकिस्तानच. मॅच आपल्याकडच्या दिवसाउजेडी होती. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा, आजारी नसताना, सुट्टी टाकली. वणीला जाणाऱ्या एकाबरोबर दादाला निरोप पाठवला की मायनं पातोडी केली आहे, जेवायला ये. निरोप गेल्यावर त्यांनी मायला सांगितलं, "पातोडी करा." एवढ्यावरून काय ते मायच्या ध्यानात आलं. ती बेसन भिजवताना स्वतःशी गुणगुणत होती. मी तिला त्याआधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. हॉलेजवर तेव्हा लक्ष्मय्याकाका होते, बाबांचे जुने दोस्त, पैनगंगेपलीकडचे तेलुगू. आमच्या घरी त्यांचं येणंजाणं होतं. मायच्या हातच्या जवसाच्या चटणीसाठी ते पानाचा द्रोण बरोबरच घेऊन येत. बाबा सकाळीच त्यांच्याकडे जाऊन आले. मॅच संपत आली की जेवणाची सुट्टी घ्या, इंजिन चालू करू नका, म्हणजे रेडिओचा आवाज बसणार नाही, असं ठरवून आले. काकांनी हसून कबूल केलं होतं.

दादा आला. बाबांनी रेडिओपुढे दोन पाट मांडले होते. दादानं ते पाहिले, पण पाटावर न बसता तो खिडकीखाली भिंतीला पाठ लावून बसला. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. तिथून मला देवळी, रेडिओ आणि बाबांची पाठ दिसत होती. दादाचे फक्त पाय दिसत होते. मध्यंतरानंतर आपला एक गोल झाला तेव्हा ते पाय एकदम आखडले आणि बाबांनी मांडीवर अशी थाप मारली की माय दचकली. मग पाकिस्ताननं धडका द्यायला सुरुवात केली. रेडिओतला माणूस इतक्या वेगानं बोलत होता की अर्धं कळेना. तशात बाबा मधेच मान खाली घालून बोलायला लागले. रेडिओकडे पाहूनच, दादाकडे नाही. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "सुद्या," ते म्हणाले, "त्या वर्षी तुही ती स्टिक मी..."

आणि खरखर सुरू झाली. एका क्षणात सगळं गेलं, माणूस, मैदान, टोकियो. नुसती खरखर. बाबा चमकून वर पाहायला लागले. "हॉलेज!" ते ओरडले. "लक्ष्मय्यानं हॉलेज चालू केलं!" आणि तसेच अनवाणी दाराबाहेर धावले. मला तेव्हा एक गोष्ट दिसली होती. हिरवा डोळा विझला नव्हता, उलट चांगला टक्क उघडा होता. पण हातातली भाकरी तव्यावर टाकायची होती, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं? माय म्हणाली, "अवं, थांबा तं." पण ते केव्हाच लाइनीच्या टोकाला गेले होते. थोड्या वेळानं आवाज आपोआप परत आला, चांगला खणखणीत. दादा, माय आणि मी, आम्ही तिघांनी शेवटची शिट्टी ऐकली. आपण जिंकलो. बाहेर लाइनीत पोरांनी थाळ्या वाजवायला सुरुवात केली. कोणी तरी कोळशाच्या टबावर चढून नाचत होता. ज्या माणसानं या दिवसासाठी सुट्टी टाकली होती, तो मात्र त्या वेळी हॉलेजच्या खोलीत उभा राहून आपल्या दोस्ताच्या नावानं ओरडत होता.

ते भांडण सगळ्या खाणीनं ऐकलं. काका डबा उघडून बसले होते, हातात घास तसाच. "भाऊ, मैं इंजिन को हाथ बी नहीं लगाया," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाबांनी त्यांना खोटारडा म्हटलं. आणखीही काही म्हटलं, ते मला सांगवत नाही. बाबा परत आले तेव्हा दादाची सायकल अंगणात नव्हती. पातोडीचा रस्सा झाकून ठेवलेला, ताटं वाढलेली, आणि कोणी जेवलेलं नाही. लक्ष्मय्याकाकांनी आमच्याकडे येणं सोडलं. पुढे नोकरी संपल्यावर ते आपल्या गावी निघाले. त्यांचं सामान लादलेला ट्रक आमच्या दारावरून गेला, तेव्हा बाबा पडवीत उभे होते. काकांनी तोंड फिरवलं नाही, पण हातही वर केला नाही. बाबांनी सारा दोष रेडिओवर टाकला. "हे डबडं नसतं ना," ते म्हणत, आणि पुढचं सोडून देत. अर्धवट बोलायची त्यांना तेव्हापासून सवयच लागली. काही वर्षांनी त्यांच्या छातीत कोळसा बसला आणि ते गेले. दादानं अग्नी दिला. शेवटपर्यंत बाप-लेकाचं बोलणं "बरं आहे?" आणि "बरं आहे" यापुढे गेलं नाही.

एवढी वर्षं मी त्या खरखरीला दोष देत आले. विजेला, हॉलेजला, दिल्लीला, टोकियोला. ऐन वेळी दगा देणारा प्रत्येक खोका मला तोच वाटतो. माझ्या बापाच्या तोंडातलं वाक्य त्यानं पळवलं, असा माझा हिशेब होता.

परवा परवा, म्हणजे टोकियोला पुन्हा ऑलिंपिक झालं तेव्हा, दादा माझ्याकडेच होता. वहिनी गेल्यापासून तो अधूनमधून यवतमाळला येऊन राहतो. आता काठी घेऊन चालतो, कानाला यंत्र आहे. सकाळीच मॅच होती, ब्राँझची. आम्ही दोघं म्हातारे चहा घेऊन टीव्हीपुढे बसलो. आपली पोरं पुढे होती, मॅच अगदी टोकाला आली होती, समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला होता, आणि कॉर्नर लागायच्या आत जाहिरात आली. मी लागले टीव्हीचा उद्धार करायला. म्हटलं, "त्या दिवशीही असंच. बाबा बोलून राह्यले होते आणि मेल्या रेडिओनं..."

"रेडिओनं काही केलं नाही, सुमे," दादा म्हणाला. तो पडद्याकडेच पाहत होता. पडद्यावर कोणी तरी गाडी विकत होतं. "तार मी काढली होती."

मला आधी कळलंच नाही. मग तो खिडकीखालचा माझा भाऊ माझ्या डोळ्यांपुढे आला, त्याच्या डोक्यावरून आत येणारी तार आली, आणि टक्क उघडा हिरवा डोळाही आला. "काहून?" मी म्हटलं.

"बाप माफी मागून राह्यला होता वं. त्यायची मान पाह्यली मी. इतकी खाली. मले सहन झालं नाही. हात आपोआप वर गेला अन् खिडकीपाशी तार हिसकली." त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "ते बाहेर गेले, मंग मी लावून देल्ली. वाटलं, पुन्हा कवातरी बोलतीन. तवा मी तयार राहीन."

"आणि लक्ष्मय्याकाका?"

"एक डाव त्यायच्या दारापर्यंत गेलतो. आवाज देल्ला नाही." त्यानं कप खाली ठेवला. बशी हलून चहा सांडला, तो त्यानं बोटानं पुसायचा प्रयत्न केला.

मला रागवायचं होतं. एवढा साठवलेला राग होता, तो आता कोणावर काढायचा? पण समोर ऐंशीला टेकलेला माणूस बोटानं टेबल पुसत होता, आणि माझ्याजवळ एक गोष्ट अशी होती जी त्याला ठाऊक नव्हती. ती मी सांगितली. म्हटलं, "दादा, त्या दिवसानंतर बाबा रेडिओ लावायचे तेव्हा दरवेळी दोन पाट मांडायचे. एकावर स्वतः बसायचे, दुसरा मोकळा. रविवारी तुझी सायकल वळणावर दिसली की दुसरा उचलून भिंतीला लावून ठेवायचे. शेवटच्या आजारातही मला सांगून मांडून घेत होते."

जाहिराती संपल्या होत्या. मॅचही संपली होती. कॉर्नर आपल्या गोलकीनं अडवला होता म्हणे, तो आम्हाला दिसला नाही. हिरव्या मैदानावर पोरं एकमेकांना मिठ्या मारून रडत होती आणि स्टुडिओतले कोटवाले एकाच वेळी बोलत होते. दादानं माझ्या हातातला रिमोट घेतला. त्याला तो धड वापरता येत नाही. दोन-तीन बटणं दाबून त्यानं कसाबसा आवाज बंद केला. कानातलं यंत्र नीट बसवलं आणि खुर्ची माझ्याकडे ओढली.

"बाबा किती बोलले होते?" तो म्हणाला. "मले खरखरीपाशीच आठवते. तू चुलीपाशी होती. जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. "सुद्या, त्या वर्षी तुही ती स्टिक मी..."

त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "पुन्हा सांग."